सासूबाईंची आजी जॉइस होती खरी, पण कुठली जॉइस?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र थोडक्यात असं आहे. ती मूळची नाशिकची, गेली अकरा वर्षं आयर्लंडमध्ये लिमरिकला, नवरा आयरिश. सासूबाई येत्या ऑक्टोबरात ८० च्या होतायत. त्यांची आजी, म्हणजे आईची आई, माहेरची जॉइस, गॉलवेकडच्या डोंगरातून डब्लिनला घरकामाला आली आणि तिथेच लग्न करून राहिली. घरात कायम सांगतात की ती लेखक जेम्स जॉइसची कझिन. भिंतीवर जॉइस घराण्याचं फ्रेम केलेलं चिन्ह पण आहे. नवरा म्हणतो सोड ना, अर्ध्या गॉलवेचं आडनाव जॉइस आहे. पण लेकीने शाळेत वर्गासमोर सांगून टाकलंय, आणि हिने ऑनलाइन एक वंशवृक्ष शोधलाय ज्यात चार पायऱ्यांत थेट जेम्स जॉइसपर्यंत रेघ जाते. तर हिचा प्रश्न, "ताई, ८० व्या वाढदिवसाला सासूबाईंना हे फ्रेम करून द्यायचंय, खात्री कशी करू?"

अगं, सगळ्यात आधी ती फ्रेम बनवायला टाकली असशील तर थांबव. मग शांतपणे वाच.

तुझा नवरा बरोबर बोलतोय पण त्याने शोध अर्ध्यात सोडलाय. जॉइस हे आपल्याकडच्या कुलकर्णींसारखं नाही, म्हणजे हुद्द्यावरून गावोगावी वेगवेगळ्या घरांना पडलेलं आडनाव नाही ते, वेल्स-नॉर्मन वळणाचे लोक तेराव्या शतकात पश्चिमेला आले, गॉलवेच्या वरच्या डोंगरात पसरले, गॉलवे शहरातल्या प्रसिद्ध चौदा घराण्यांत पण त्यांचं नाव आलं, आणि गॉलवे-मेयोच्या सीमेवरच्या त्या भागाला आजही जॉइस कंट्रीच म्हणतात. लीननपासून क्लॉनबरकडे जाताना दगड फेकलास तर जॉइसलाच लागेल. आता गंमत बघ, लेखक जॉइसचं घराणं तिथलं नाहीच. ते कॉर्ककडचं, फर्मॉय नावाच्या गावचं, पार दक्षिणेला. पणजोबांपासूनचा सगळा कारभार कॉर्कमध्ये, जेम्सच्या वडिलांचा जन्मही कॉर्कचा, १८४९ चा, वडिलोपार्जित मालमत्ता पण तिथेच, आणि ती विकायला ते १८९४ मध्ये पोराला घेऊन गेले ते कॉर्कलाच. मागे कुठेतरी शेकडो वर्षांपूर्वी दोन्ही जॉइस एकाच मुळाचे असतीलही, पण त्या हिशोबाने तू आणि मी पण नातेवाईक निघू.

आता तुला एक हत्यार देते जे तुझ्या नवऱ्याकडे नाहीये. मराठी. इंग्रजीत कझिन म्हटलं की संपलं, चुलत, आते, मामे, मावस, सगळं एकाच डब्यात, शिवाय आयर्लंडमध्ये लांबच्या लांबच्यालाही कझिनच म्हणतात. तू सासूबाईंना विचार, कझिन म्हणजे नक्की कोणाकडून, बापाकडून की आईकडून, आणि आपल्या शब्दांत एकेक नातं तपासून बघ. मीच करून दाखवते.

आजीचा जन्म तू अंदाजे १८८५ लिहिलायस, जेम्स जॉइसचा २ फेब्रुवारी १८८२, म्हणजे एकाच पिढीचे, इथपर्यंत ठीक. चुलत बहीण? जेम्सचे वडील जॉन स्टॅनिस्लॉस जॉइस हे आईबापांचे एकुलते एक. काकाच नाही तर चुलत बहीण कुठून येणार. आतेबहीण? आत्याही नाही, तोच मुद्दा. मामेबहीण? जेम्सची आई मेरी जेन, माहेरची मरे (हो, आडनावच आहे ते, हसू नकोस), तिला भाऊ होते, पण त्यांच्या मुली मरे असणार, जॉइस कशा असतील? पुतणी? स्टॅनिस्लॉस हा पाठचा भाऊ १८८४ चा, चार्ल्स त्याच्याही नंतरचा, त्यांच्या मुलींचा १८८५ मध्ये जन्म होणं शक्य नाही. आणि थेट वंशज म्हणशील तर तोही दरवाजा बंद, जेम्सला दोनच मुलं, जॉर्जिओ आणि लुचिया, लुचियाला मूलबाळ नाही, जॉर्जिओला एकच मुलगा स्टीफन, आणि तो २०२० च्या जानेवारीत निपुत्रिक गेला. म्हणजे एक कागद न उघडता, नुसत्या स्वयंपाकघरातल्या शब्दांवर, जवळची सगळी नाती बाद झाली. उरलं ते चुलत-चुलतच्या पलीकडचं, आणि त्यासाठी तुझी गॉलवेची जॉइस मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला किंवा आधी कॉर्कला जाऊन मिळायला हवीत. मला कठीण वाटतंय.

त्या ऑनलाइन वंशवृक्षाचं काय? त्यात चार पायऱ्या आहेत म्हणतेस, प्रत्येक पायरीला काय पुरावा जोडलाय ते बघ. माझी पैज, दुसऱ्या कोणाच्या तरी वंशवृक्षाची लिंक असेल, आणि त्याला तिसऱ्याची. कोणीतरी एकदा जेम्स नावाचा जॉइस बघून क्लिक केलं आणि पुढच्या दोनशे लोकांनी कॉपी मारली. आमच्या माहेरी पण लहानपणापासून ऐकत आलोय की खापरपणजोबा पेशव्यांच्या दप्तरात होते, मी हौसेने शोधायला गेले तर निघालं किराणा दुकान, ते पण उधारीत बुडालेलं. काकांनी माझ्याशी दोन वर्षं नीट बोलणं टाकलं होतं.

आणि भिंतीवरच्या चिन्हाबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस पण ती फ्रेम टुरिस्ट दुकानात कुठल्याही आडनावाची मिळते, असं चिन्ह माणसाला आणि त्याच्या वंशाला दिलेलं असतं, सरसकट आडनावाला नाही. तरी सासूबाई चांगल्या संगतीत आहेत हं, कारण खुद्द जेम्सच्या वडिलांनी पण गॉलवेच्या जॉइसांचं चिन्ह फ्रेम करून घरात लावलेलं होतं, घरं बदलली, कर्ज वाढलं, सामान गहाण पडलं तरी ती मिरवायची हौस सुटली नाही! शिवाय त्यांची आई ओ'कॉनेल, तर त्या बाजूने डॅनियल ओ'कॉनेल या मोठ्या पुढाऱ्याशी नातं सांगायचे ते वेगळंच. थोरामोठ्यांशी सोयरीक जोडायची सवय त्या घरातही होतीच.

बरं, आता प्रत्यक्ष काम. नाशिकला आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला किंवा रामकुंडावर गुरुजींच्या वहीत गाव आणि आडनाव सांगितलं की सात पिढ्या बाहेर येतात, तसं एका जागी तिथे काही नाही. उलट ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर जळालं आणि १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या, १८६१ ते १८९१ च्या तर त्याआधीच सरकारने स्वतःच नष्ट केल्या होत्या. त्यामुळे त्या आगीच्या आधीच्यांपैकी पूर्ण हाताला लागतात त्या १९०१ आणि १९११. दोन्ही नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर फुकट. जेम्स जॉइस स्वतः १९०१ मध्ये सापडतो, डब्लिनच्या रॉयल टेरेसवर, १९ वर्षांचा, आईबाप आणि भावंडांच्या गर्दीत. ते पान आधी बघ, म्हणजे फॉर्म कसा दिसतो ते कळेल, आणि हेही दिसेल की त्या घरात तुझी आजी नाहीये.

शोध नेहमी आपल्याकडून वर न्यायचा, प्रसिद्ध माणसाकडून खाली कधीच नाही. सासूबाईंचा जन्मदाखला घरातच असेल, त्यावर त्यांच्या आईचं माहेरचं नाव. मग त्या आईचा जन्म, तू म्हणतेस १९१२ च्या आसपास डब्लिन, तो आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई वर असणार, सरकारी साइट आहे, फुकट, मूळ रजिस्टरचा फोटोच दिसतो. १०० वर्षांपेक्षा जुने जन्म, ७५ पेक्षा जुनी लग्नं आणि ५० पेक्षा जुने मृत्यू तिथे टाकतात. त्या जन्मनोंदीवर आजीचं माहेरचं नाव जॉइस आहे का ते बघ, कारण हे पण आपण अजून नुसतं ऐकूनच धरलंय ना! मग आजीचं लग्न. ही सगळ्यात मोलाची नोंद, कारण लग्नाच्या नोंदीत वधूच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. आईचं नाव नसतं, त्याला इलाज नाही. मृत्यूच्या नोंदीत तर दोघांचंही नसतं, तिकडे वेळ घालवू नकोस.

इथवर एका संध्याकाळचं काम. खरी चढण पुढे आहे. १८८५ च्या आगेमागे गॉलवे आणि मेयोमध्ये त्याच नावाच्या जॉइस मुली तुला ढिगाने मिळतील, कारण नावं ठरलेली असायची, पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं, म्हणून त्याच त्या पॅट्रिक, जॉन आणि ब्रिजिट फिरत राहतात. तिथे गाव म्हणून चालत नाही, टाउनलँड लागतं, म्हणजे आपल्या वाडीसारखं, वाडीचं नाव मिळालं की अर्धा डोंगर चढलीस. सासूबाईंना विचार, जुन्या पत्रांवरचा पत्ता, मासकार्ड (मेलेल्याच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना ठेवल्याचं कार्ड), थडग्यावरचा दगड, काहीही. वडिलांचं नाव अधिक टाउनलँड मिळालं की १९०१ च्या जनगणनेत ते घर शोध, आणि मागे जायचं तर कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं नॅशनल लायब्ररीने साधारण १८८० पर्यंतची फुकट ऑनलाइन ठेवलीयत. नावं लॅटिनमध्ये असतात, ब्रिजिटची ब्रिजिडा, जेम्सचा जेकोबस, घाबरू नकोस. धर्म-आईबापांची नावं जरूर उतरवून घे, ते बहुतेक वेळा नात्यातलेच असतात, आणि फर्मॉयचं कोणी निघणार असेल तर ते तिथेच निघेल. जमीन कसणारे असतील तर १८४७ ते १८६४ मधलं ग्रिफिथचं मूल्यांकन बघ, प्रत्येक टाउनलँडमध्ये कोण कोणाचा कूळ होता ते त्यात आहे.

दोन खड्डे सांगून ठेवते. एक, जन्मतारखांवर जीव टाकू नकोस. सरकारी नोंद १८६४ पासून सक्तीची झाली, पण उशीर झाला तर दंड, म्हणून लोक तारीख पुढे ढकलून सांगायचे आणि मग चर्चच्या वहीत बाळाचा बाप्तिस्मा जन्माच्या आधीच झालेला दिसतो. आपल्याकडे शाळेत घालताना अख्खा वर्ग १ जूनला जन्मलेला असतो ना, तसंच. दोन, १९०१ मध्ये ५५ चा असलेला म्हातारा १९११ मध्ये ७१ चा झालेला दिसला तर माणूस चुकलाय असं समजू नकोस, मधल्या काळात, जानेवारी १९०९ पासून, ७० पूर्ण झालेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झाली होती. आणि वयाचा पुरावा म्हणून लोकांनी १८४१-५१ च्या जनगणनेतून आपलं घर शोधून द्या असे अर्ज केले होते, मूळ जनगणना जळाली पण ते अर्ज वाचलेत, नॅशनल अर्काइव्हजमध्येच आहेत. आजीच्या आजोबांनी असा अर्ज केला असेल तर तुझी लॉटरी.

डीएनए किटचं विचारलंयस. कर, पण सासूबाईंचं कर, नवऱ्याचं नाही, वरची पिढी आहे तोवर तिचंच घ्यायचं. त्यांना नीट विचारून, आणि अनपेक्षित काही निघू शकतं हे आधी सांगून. पण त्यातून जेम्स जॉइस सिद्ध होईल या आशेवर नको, थेट वंश संपलाय, आणि इतकं लांबचं नातं डीएनएत दिसेलच असं नाही. गॉलवेच्या जॉइसांशी मात्र धडाधड जुळेल, आणि तेही जरा फुगवून, कारण त्या दऱ्यांमध्ये जॉइसांची लग्नं पिढ्यानपिढ्या जॉइसांशीच झाली, त्यामुळे लांबचा नातेवाईक जवळचा भासतो.

आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले ते. आजी गॉलवेच्या डोंगरातली आणि जॉइस म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव जेम्स नाही आलं, माइल्स आलं.

ऑगस्ट १८८२ मध्ये त्याच भागात मामट्रास्ना नावाच्या ठिकाणी एका घरातल्या पाच जणांचा रात्रीत खून झाला. मारला गेलेला जॉन जॉइस आणि त्याचं कुटुंब. पकडलेल्या दहा जणांत पुन्हा अनेक जॉइस. आम्ही डोळ्यांनी बघितलं म्हणून साक्ष देणारे तिघे, तेही जॉइस! खटला चालला डब्लिनला, इंग्रजीत, आणि माइल्स जॉइसला येत होती फक्त आयरिश. १५ डिसेंबरला तिघांना गॉलवेच्या तुरुंगात फाशी झाली, बाकीच्या दोघांनी आधीच सांगून ठेवलं होतं की माइल्स यात नव्हता, तरी त्यालाही लटकवलं. २०१८ मध्ये आयर्लंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हिगिन्स यांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. ही फाशी झाली तेव्हा जेम्स डब्लिनमध्ये दहा महिन्यांचं बाळ होता. आणि हाच जेम्स १९०७ मध्ये ट्रिएस्तेत बसून तिथल्या वर्तमानपत्रात इटालियनमध्ये या खटल्यावर लेख लिहितो, ज्याची भाषा कोर्टाला कळत नाही त्याच्यावर, आपल्याच आडनावाच्या माणसावर.

पुढचा माझा निव्वळ अंदाज आहे, पुरावा नाही, तसाच धर. त्या डोंगरातल्या घरात कधीतरी "जेम्स जॉइसने आपल्या लोकांबद्दल लिहिलंय" असं कानावर आलं असेल आणि दोन पिढ्यांत त्याचं "जेम्स जॉइस आपल्या लोकांतला" झालं असेल. नाहीतर डब्लिनमध्ये आडनाव ऐकून कोणीतरी तोच का विचारलं असेल आणि कोणीतरी हो म्हणून मोकळं झालं असेल. म्हणून सासूबाईंना एक साधा प्रश्न विचार, ही गोष्ट तुम्ही पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आणि कधी ऐकलीत? आजीच्याच तोंडून ऐकली असेल तर तिला वजन आहे, कारण त्याची युलिसीस ही कादंबरी १९२२ मध्ये छापली गेली त्यानंतर कितीतरी वर्षं कॅथलिक घरात कोणी त्याच्याशी नातं मिरवत नव्हतं, अश्लील लिहिणारा म्हणून बोटं मोडायचे. मिरवणं नंतरचं, १९८२ ची जन्मशताब्दी, मग १९९३ मध्ये दहा पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. गोष्ट नोटेनंतरची असेल तर समजून जा.

पण हे विचारताना मामट्रास्नाचं नाव एकदम काढू नकोस. आजीचं घर मेलेल्यांच्या बाजूचं, फाशीवाल्यांच्या की साक्षीदारांच्या, की यातल्या कशातच नाही, हे आपल्याला माहीत नाहीये, आणि तिथल्या घरांत हा विषय कितीतरी वर्षं तोंडात येत नव्हता. सासूबाई स्वतः बोलल्या तर ऐक. नाही बोलल्या तर टाउनलँड कळेपर्यंत गप्प बस.

लेकीचं सोपं आहे. बाईंना सांग प्रोजेक्टचं नाव बदललंय, "आम्ही जॉइसचे नातेवाईक आहोत का, शोध चालू आहे". १६ जूनला ब्लूम्सडेला, म्हणजे युलिसीसची गोष्ट ज्या दिवशी घडते त्या जॉइसच्या दिवशी, वर्गात जाऊन तिने जॉन जॉइस एकुलता कसा आणि म्हणून चुलत बहीण का असूच शकत नाही हे चुलत-मामे-मावस म्हणत समजावलं ना, तर बाकीची पोरं बघत राहतील.

आणि वाढदिवसाला द्यायला तुझ्याकडे वस्तू आहेच. १९११ च्या फॉर्मवर लग्न झालेल्या बायकांसाठी तीन रकाने आहेत, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, त्यातली जिवंत किती. सासूबाईंच्या आजीच्या आईचं घर सापडलं की त्या तीन आकड्यांवर नजर जाईलच तुझी. खाली घरच्या कर्त्याची सही असते, सही येत नसेल तर फुली, आणि शेवटाकडे भाषेचा रकाना, त्यात नुसतं आयरिश की आयरिश आणि इंग्रजी ते बघ. ते पान फ्रेम कर, चिन्हाच्या शेजारी लाव, चिन्ह काढू नकोस. आणि प्रिंट ए-थ्रीवर घे, ए-फोरवर अक्षर फार बारीक येतं, ८० च्या डोळ्यांना वाचता येणार नाही.